दार कुणी उघडायचं
रोजनिशीतील पाने : बेंगळुरू, 2025

18 फेब्रुवारी, मंगळवार

आज कामाचा करार झाला. शहराच्या मध्यभागातल्या एका व्यापारी इमारतीत एका देशाच्या वाणिज्य दूतावासाचे दोन मजले आहेत. आग लागू नये म्हणून काय करायचं आणि लागलीच तर कुणी काय करायचं, याची लेखी योजना त्यांना हवी आहे. देश कोणता, रस्ता कोणता, हे या वहीत येणार नाही. करारात तशी अट आहे आणि ती रास्त आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकत होते तेव्हा दूतावास म्हटलं की डोळ्यांसमोर दिल्लीचं चाणक्यपुरी यायचं. स्वतंत्र आवार, उंच कुंपण, स्वतःची पाण्याची टाकी, स्वतःचा जनरेटर. बेंगळुरूचं तसं नाही. राजदूतावास राजधानीत असतात. इथं आहेत ती कॉन्सुलेट, म्हणजे वाणिज्य दूतावास, आणि त्यातली बरीचशी मोठ्या व्यापारी इमारतींत मजला-दोन मजले घेऊन बसलेली. जर्मनी, फ्रान्स, जपान, इस्रायल, ब्रिटनचं उपउच्चायुक्तालय, 2023 पासून ऑस्ट्रेलिया. गेल्याच महिन्यात 17 जानेवारीला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि अमेरिकेचे राजदूत एरिक गार्सेटी यांच्या हस्ते अमेरिकेच्या कॉन्सुलेटचं उद्घाटन झालं. त्यांचंही कार्यालय तूर्त विठ्ठल मल्ल्या रस्त्यावरच्या जे. डब्ल्यू. मॅरियट हॉटेलातच आहे.

म्हणजे शेजार आला. माझ्या या इमारतीत तळघरात गाड्या आणि डिझेल जनरेटर, खाली बँक, वर सॉफ्टवेअर कंपनी, गच्चीवर उपाहारगृह. दूतावासाच्या दोन मजल्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण गच्चीवरच्या भटारखान्यात तापलेल्या तेलावर त्यांचा काही अधिकार नाही. योजनेची सुरुवात इथूनच करायची असं ठरवलंय.

20 फेब्रुवारी, गुरुवार

पहिली फेरी. फक्त दारं बघितली, दुसरं काही नाही.

दूतावासाची दारं माणसाला बाहेर थोपवण्यासाठी बनवलेली असतात. जाड पोलादी दार, फुटणार नाही अशी काच, कार्ड लावल्याशिवाय न सुटणारं चुंबकी कुलूप. प्रवेशाला दोन दारांची छोटी खोली: पहिलं बंद झाल्याखेरीज दुसरं उघडत नाही. खिडक्या उघडायची सोयच नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुठल्यातरी देशात कुणाचा तरी जीव गेल्याचा इतिहास आहे, म्हणून मी त्यांना नाव ठेवत नाही. पण हीच व्यवस्था आतून बघितली की काळजात धस्स होतं. दिवे गेलेत, धूर छातीपर्यंत उतरलाय आणि आतला माणूस चाचपडत दाराशी आलाय. त्या दाराला आतून काय आहे? एका ठिकाणी कार्डाची पट्टी. एका ठिकाणी किल्लीचं भोक. मागच्या जिन्याच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळी, तिला टाळं, आणि टाळ्याची किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात.

‘अधिकारी रजेवर असतील तेव्हा?’ मी विचारलं. त्यांच्या प्रशासन विभागाच्या बाईंनी सुरक्षारक्षकाकडे पाहिलं, रक्षकानं माझ्याकडे.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे एनबीसी 2016 च्या चौथ्या भागात, याबद्दल स्वच्छ लिहिलंय: सुटकेचं दार ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते त्यांच्या बाजूनं किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. बाहेरून ते कितीही बंद असू दे, त्याला संहितेची हरकत नाही. सुरक्षा आणि सुटका यांचं भांडण आहे असं सगळे धरून चालतात, पण निम्म्याहून अधिक ठिकाणी ते भांडण खरं नसतंच. बाहेरून मूठच नाही आणि आतून आडवा पॅनिक बार, पोटाच्या धक्क्यानं उघडणारा, एवढ्यानं दोघांचं समाधान होतं. या एका वाक्यासाठी मला बहुधा दोन महिने भांडावं लागणार आहे.

23 फेब्रुवारी, रविवार

आज कार्लटनला 15 वर्षं झाली.

23 फेब्रुवारी 2010, मंगळवारची दुपार. जुन्या विमानतळ रस्त्यावरची कार्लटन टॉवर्स, सात मजली, कार्यालयांनी भरलेली. आग लागली ती विजेच्या तारांच्या उभ्या डक्टमध्ये. ज्वाळा फार पसरल्याच नाहीत, धूर पसरला. डक्टमधून वर चढला आणि मजल्या-मजल्यावर शिरला. सुटकेच्या वाटा बंद होत्या. लोकांनी काचा फोडल्या, काहींनी उड्या मारल्या. नऊ जण गेले. तिथं मुलगा गमावलेले उदय विजयन आणि इतर कुटुंबं गप्प बसली नाहीत. ‘बियॉन्ड कार्लटन’ ही संस्था त्यांनी उभी केली आणि आगीपासूनच्या सुरक्षेसाठी सरकारदरबारी आणि न्यायालयात पाठपुरावा चालू ठेवला. या शहरानं त्याआधीही फार मोठं दुःख पाहिलंय: 7 फेब्रुवारी 1981 ला व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागून 92 जण दगावले, त्यात बहुतेक लहान मुलं.

मी ही तारीख दरवर्षी पाळते. दिवा वगैरे लावत नाही. आपण हाताळत असलेल्या इमारतींचे डक्ट कुठल्या मजल्यावर उघडे आहेत याची यादी त्या दिवशी काढून बसते. आजच्या यादीत दूतावासाची इमारत आली. त्यांचा शाफ्ट अजून बघायचा आहे. मंगळवारी चौथ्या तारखेला इमारतीचा इलेक्ट्रिशियन येतोय.

27 फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून घरी बसून व्हिएन्ना करार पुन्हा वाचले. आमच्या क्षेत्रातले लोक हे वाचत नाहीत, आणि परराष्ट्र खात्यातले लोक एनबीसी वाचत नाहीत. मधल्या पोकळीत टाळी लागतात.

करार दोन आहेत. 1961 चा राजनैतिक संबंधांचा, 1963 चा वाणिज्य दूतावासांचा. पहिल्याचं 22 वं कलम राजदूतावासाबद्दल सांगतं की यजमान देशाच्या माणसांनी प्रमुखाच्या संमतीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आगीचा अपवाद त्यात नाही. करार घडत असताना अशा आणीबाणीच्या अपवादावर चर्चा झाली होती, पण अपवादाच्या नावाखाली कुणीही घुसेल या भीतीनं तो घातला गेला नाही.

1963 च्या कराराचं 31 वं कलम मात्र वेगळं आहे. दूतावासाच्या कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या भागात संमतीशिवाय प्रवेश नाही हे खरं, पण आग किंवा तसंच संकट आलं आणि तातडीनं बचाव करणं भाग असलं, तर प्रमुखाची संमती गृहीत धरता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. भारत 1977 मध्ये या करारात सामील झाला. म्हणजे बेंगळुरूतल्या अग्निशमन अधिकाऱ्यानं कॉन्सुलेटच्या दाराशी फोनची वाट बघत उभं राहण्याची कायद्यानं गरज नाही. दिल्लीच्या चाणक्यपुरीत आहे, इथं नाही. हा फरक शहरातल्या किती स्टेशन ऑफिसरांना कुणी समजावून सांगितला असेल?

त्याच कराराच्या 33 व्या कलमात दूतावासाची कागदपत्रं कधीही, कुठेही अनुल्लंघनीय आहेत. आत आलेल्या जवानाला आग विझवायची मुभा आहे, कपाट उघडायची नाही. हेही योजनेत यायला हवं, नाहीतर सुरक्षा अधिकारी 31 व्या कलमाला हात लावू देणार नाहीत.

आणखी एक. कॉन्सुल जनरलचं राहतं घर या कलमात येत नाही. तिथं इतर कुठल्याही भाडेकरूसारखेच नियम लागतात. घराची तपासणी वेगळी लावून घेतली. गॅसच्या बाटल्या बाहेर, नळी पाच वर्षांच्या आत बदललेली, स्वयंपाकघरात आगीचं ब्लँकेट. तिथलं काम एका दिवसाचं.

संमती कायद्यानं गृहीत धरता येईल, पण पोलादी दार गृहीत धरून उघडत नाही. ते कुणीतरी उघडावं लागतं. योजनेचा सगळा जीव या प्रश्नात आहे: रात्री अडीच वाजता, प्रमुख परदेशात असताना, ते कोण उघडणार?

4 मार्च, मंगळवार

शाफ्ट बघितला. मजला सोडून वर जाताना तारांभोवती फरशीत जे भोक पडतं ते आग सोसणाऱ्या मसाल्यानं बुजवलेलं हवं, प्रत्येक मजल्यावर. इमारत बांधली तेव्हा बुजवलेलं होतं, ते दिसतं. नंतर इंटरनेटवाले आले, कॅमेरेवाले आले, दूतावासाचे स्वतःचे तारवाले आले, प्रत्येकानं आपल्या तारेपुरतं फोडलं आणि निघून गेला. बॅटरीचा प्रकाश टाकला तर तीन मजले खालचा बँकेचा दिवा दिसत होता. हीच कार्लटनची वाट.

इमारतीच्या व्यवस्थापकानं सांगितलं की दूतावासाच्या मजल्यावरचं शाफ्टचं दार त्यांना उघडताच येत नाही, म्हणून तपासणीत तो मजला सुटतो. दूतावासानं सांगितलं की शाफ्ट इमारतमालकाचा आहे. दोघांचंही खरं आहे. तासभर मी त्या दोघांना शाफ्टसमोर उभं ठेवलं आणि तिथंच कागदावर लिहून घेतलं: भोकं बुजवायचा खर्च मालकाचा, काम दूतावासाच्या माणसाच्या देखरेखीखाली, दर सहा महिन्यांनी दोघांची एकत्र तपासणी. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानं जानेवारी आणि जुलैत, आगीची यंत्रणा नीट असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला, म्हणजे बी फॉर्म, द्यावा लागतो; ते वर्षातून दोनदाचं वळण मला आवडतं, म्हणून तेच महिने इथंही घातले.

दुसरा प्रश्न अलार्मचा. इमारतीची अलार्म यंत्रणा एक, दूतावासाची वेगळी, आणि दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. खाली बँकेत धूर झाला तर वर कुणाला कळणार नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांना बाहेरची संगणकाची तार आत नको आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. उपाय जुनाच आहे: दोन्ही पॅनलमध्ये रिलेचा कोरडा संपर्क. दोन तारा, त्यातून माहिती जात नाही, फक्त ‘आग’ एवढा इशारा जातो. हे दाखवल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

सर्व्हर खोलीत गॅसची यंत्रणा आहे, चांगली आहे. पण शेजारच्या खोलीत यूपीएसच्या नव्या लिथियम बॅटऱ्या ठेवल्यात आणि त्यांच्यापुढे एक कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. लिथियम बॅटरी पेटली की तिच्या आतच उष्णता तयार होत राहते. वायूनं ज्वाळा दबते आणि पुन्हा उठते. तिला भरपूर पाण्यानं थंड करावं लागतं. बॅटऱ्या सुटकेच्या वाटेपासून हलवा, दोन तास आग सोसणाऱ्या वेगळ्या भिंतीआड ठेवा, असं लिहिलं.

11 मार्च, मंगळवार

आज सगळ्यात अवघड बैठक. विषय ‘सुरक्षित खोली’.

जमाव आत घुसला तर कर्मचाऱ्यांनी जाऊन बसायची जाड दाराची खोली बऱ्याच दूतावासांत असते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मोठ्या विश्वासानं ती दाखवली. खिडकी नाही, दुसरं दार नाही.

मी दोन तारखा सांगितल्या. 21 नोव्हेंबर 1979, इस्लामाबाद. जमावानं अमेरिकेचा राजदूतावास पेटवला. शंभराहून जास्त माणसं वरच्या मजल्यावरच्या पोलादी खोलीत तासन् तास कोंडली गेली. खालून फरशी तापत होती. ती वाचली, कारण त्या खोलीतून छतावर निघणारं एक झाकण होतं. तरी त्या दिवशी दूतावासातले दोन अमेरिकी आणि दोन पाकिस्तानी कर्मचारी गेले. दुसरी तारीख 11 सप्टेंबर 2012, बेनगाझी. हल्लेखोरांनी डिझेल ओतून अमेरिकी कार्यालयाची इमारत पेटवली. अमेरिकेचे राजदूत ख्रिस स्टीव्हन्स आणि त्यांचे सहकारी शॉन स्मिथ सुरक्षित म्हणून राखलेल्या भागातच होते. दोघं धुरानं गेले.

हल्लेखोराला गोळी लागते, कुलूप लागतं. धुराला काही लागत नाही. ज्या खोलीला दुसरी वाट नाही ती आगीत सुरक्षित नसते, हे मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, आमच्या राजधानीतून हा नमुना आलाय. मी भिंत फोडू शकत नाही.’ मी म्हटलं, ‘मग निदान दोन गोष्टी करू. आगीचा अलार्म वाजला तर या खोलीत कुणी जायचं नाही, हे प्रत्येकाच्या डोक्यात घालू. आणि राजधानीला माझं टिपण पाठवा, माझ्या सहीनं.’ टिपण आज रात्री लिहून पाठवलं. सौम्य भाषेत लिहायचा प्रयत्न केला नाही.

खोट्या अलार्मचा मुद्दाही निघाला. मुद्दाम अलार्म वाजवून लोकांना रस्त्यावर आणायचं आणि मग हल्ला करायचा, ही भीती काल्पनिक नाही. म्हणून एकाऐवजी दोन असेंब्ली पॉइंट ठेवले, इमारतीच्या दोन बाजूंना, आणि कुठल्या दिवशी कुठला ते बाहेर पडताना रक्षक सांगेल. भीती खरी आहे म्हणून माणसं आत ठेवायची, हा मार्ग नाही.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात. जेवताना शेजारी बेळगावच्या एक काकू बसल्या होत्या. मुलगा परदेशात, सून बाळंतीण, म्हणून व्हिसाच्या मुलाखतीला आलेल्या. सहज विचारलं, ‘काकू, मुलाखतीला बसलाय आणि आगीचा भोंगा वाजला तर काय कराल?’ त्या म्हणाल्या, ‘आधी खिडकीशी जाऊन पासपोर्ट मागेन गं. तो मिळाल्याशिवाय कशी हलू?’

जेवण अर्धं टाकून वहीत लिहून घेतलं. योजनेत हे कुठंच नव्हतं.

1 एप्रिल, मंगळवार

व्हिसाच्या प्रतीक्षा दालनात अर्धा दिवस बसले. काकूंचं उत्तर डोक्यातून जात नाही.

दूतावासाचे कर्मचारी इमारत ओळखतात. अर्जदार आयुष्यात पहिल्यांदा येतो. फोन बाहेर लॉकरमध्ये, पासपोर्ट काचेपलीकडे, सोबतचा मुलगा किंवा नवरा खाली रस्त्यावर थांबलेला. वयस्कर माणसं बरीच: हुबळी, कोल्हापूर, सेलम, अनंतपूर, कुठून कुठून आलेले आईवडील. मनात फक्त मुलाखत. भिंतीवर बाहेर जायच्या वाटेचं चित्र आहे, पण ते खांबाच्या मागे. घोषणा फक्त इंग्रजीत. आल्या वाटेनं परत जाणं हा माणसाचा स्वभाव आहे; म्हणून सगळे त्या दोन दारांच्या छोट्या खोलीकडेच धावणार आणि तिथं अडकणार.

दुपारी बसून बदल लिहिले. अलार्मबरोबर दोन्ही दारांची कुलपं आपोआप सुटली पाहिजेत. दालनातून मागच्या जिन्याकडे सरळ दार, पॅनिक बारसह. खुर्च्यांच्या रांगा त्या दाराकडे तोंड करून. आणि ध्वनिमुद्रित घोषणा कन्नड, हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगूत: ‘तुमचा पासपोर्ट आमच्याकडे सुरक्षित आहे. फोन नंतर मिळेल. आता बाणाच्या दिशेनं बाहेर चला.’ मराठी घालायला सांगितलं तेव्हा प्रशासनाच्या बाई हसून लगेच ‘हो’ म्हणाल्या. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी पहिलं काम म्हणून काच खाली ओढून उठायचं. ते बसून राहिले तर समोरचा माणूस हलत नाही.

8 एप्रिल, मंगळवार

हलसूर तलावाजवळच्या अग्निशमन मुख्यालयात पत्र देऊन झालं होतं; आज जवळच्या स्टेशनचे अधिकारी दोन जवानांना घेऊन इमारत बघायला आले. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा तास. दूतावासाच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं आणि बंबवाल्या अधिकाऱ्यानं एकमेकांचा चेहरा आगीच्या रात्री पहिल्यांदा बघू नये.

दूतावासांचा बंबवाल्यांवरचा अविश्वास हवेतला नाही. 26 ऑगस्ट 1977 ला मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतावासाला आग लागली, वरचे मजले जळाले. 28 मार्च 1991 ला पुन्हा लागली. दोन्ही वेळा आलेल्या बंबवाल्यांमध्ये हेरखात्याची माणसं असल्याचा संशय अमेरिकी अधिकाऱ्यांनी बोलून दाखवला. 1991 नंतर तर कागद नाहीसे झाल्याचीही तक्रार होती. प्रत्येक देशाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ही गोष्ट प्रशिक्षणातच ऐकवली जात असावी. म्हणून ‘विश्वास ठेवा’ म्हणून भागत नाही, विश्वासाला कागद द्यावा लागतो.

तो कागद असा ठरला. अग्निशमन दलाकडे एक पान राहील: दोन्ही मजल्यांचा नकाशा, खोल्यांची नावं न लिहिता. त्यावर फक्त खुणा. वीज कुठून तोडायची, बॅटऱ्या कुठं, गॅसची यंत्रणा कुठं, राइजरचा नळ कुठं, माणसं अडकू शकतील अशा जागा कुठल्या. दाराची किल्ली आणि कार्ड मोहोरबंद पेटीत, खाली रक्षकाच्या चौकीत; मोहोर तोडायचा अधिकार पाळीवरच्या रक्षकाला, विचारणा न करता, अलार्म वाजताच. पहिला फोन 112 ला. त्यानंतर प्रमुखांना, त्यानंतर त्यांच्या राजधानीला. आत आलेल्या जवानांसोबत दूतावासाचा एक माणूस असेल. तो नसला तरी जवान थांबणार नाहीत. बंद कपाटांना कुणी हात लावणार नाही. खाली कॉन्सुल जनरलची सही आणि 31 व्या कलमाचा उल्लेख.

स्टेशन ऑफिसरांनी पान दोनदा वाचलं. मग बाहेर येऊन वर बघितलं आणि मला रस्त्यावरच्या लोंबत्या केबल दाखवल्या. शिडी उभी करायला जागाच नाही. शिवाय फाटकासमोर दूतावासानं काँक्रीटच्या कुंड्या ठेवल्यात, गाडी घुसू नये म्हणून. बंबही घुसणार नाही. कुंड्यांच्या जागी उतरवता येणारे खांब, केबलसाठी पालिकेकडे पत्र. केबलचं कधी होईल ते पालिकाच जाणे; खांबांची ऑर्डर संध्याकाळीच गेली.

14 एप्रिल, सोमवार

अग्निशमन सेवा दिन. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण कामावर असताना गेले. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेले. धोक्याचा माल असल्याचं लाल निशाण जहाजावर लावलेलं नव्हतं. आग विझवणाऱ्याला आत काय आहे ते सांगितलं पाहिजे, हा धडा आम्हाला नागपुरात पहिल्या आठवड्यात शिकवला होता. माझ्या त्या एका पानाची मूळ कल्पना तिथलीच. गुप्तता राखायची असेल तर खोलीचं नाव झाका, धोक्याचं झाकू नका.

17 एप्रिल, गुरुवार

अग्निशमन सप्ताहात मॉक ड्रिल. मुद्दाम व्हिसाच्या वेळेत घेतलं. प्रशासनाचा विरोध होता, पण रिकाम्या दालनातलं ड्रिल कशाला?

अलार्म वाजला. दोन्ही दारं सुटली. घोषणा झाली. मंडळी उठली, थबकली, एक आजोबा खिडकीकडे वळलेच. पण काच खाली आलेली आणि कारकून उठून चाललेला पाहून तेही बाणाकडे फिरले. मागचा जिना लोकांनी भरला. तळमजल्यावर मात्र सगळे थांबले. इमारतीच्या बाजूनं जिन्याचं शेवटचं दार बंद होतं. सुरक्षा एजन्सीच्या नव्या पोऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वरून आमचा रक्षक कन्नडमध्ये ओरडला, ‘बागिलु तेगीरी, बागिलु तेगीरी!’ (दार उघडा!) आणि दार उघडलं. खरी आग असती तर तेवढ्या वेळात जिना धुरानं भरला असता.

रात्री इमारतमालकाशी सव्वा तास फोनवर. ते शेवटचं दार आता कुलपाचं राहणार नाही. तिथंही पॅनिक बार. सगळ्या भाडेकरूंनी वर्षातून दोनदा एकत्र ड्रिल करायचं, आणि उपाहारगृहाच्या चिमणीची तेलकट नळी दर तीन महिन्यांनी साफ करून पावती खाली फलकावर लावायची, हेही त्यांनी मान्य केलं.

25 एप्रिल, शुक्रवार

मंगळवारी काश्मीरमधल्या पहलगामला दहशतवादी हल्ला झाला. देश हादरलाय. दूतावासानंही आपला बंदोबस्त वाढवला, ते साहजिक आहे. आज योजनेची अंतिम प्रत द्यायला गेले तर मागच्या जिन्याच्या दाराला पुन्हा जाळी आणि टाळं.

सुरक्षा अधिकाऱ्यांना काही बोलले नाही. सही झालेलं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सहावा मुद्दा दाखवला: बंदोबस्त वाढवायचा असेल तेव्हा या दारावर माणूस वाढवायचा, कुलूप नाही. त्यांनी वाचलं. खणातून किल्ली काढून स्वतः खाली गेले, टाळं काढलं आणि तिथं एक रक्षक उभा केला.

हल्ल्याची भीती ताजी असते तेव्हाच आगीचा विसर पडतो. 2 जुलै 2023 च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत आपल्याच वाणिज्य दूतावासाला कुणीतरी आग लावायचा प्रयत्न केला होता. तिथल्या अग्निशमन दलानं ती लगेच विझवली आणि कुणाला इजा झाली नाही. हल्ला करणाऱ्यानं आगच वापरली होती.

सुरक्षित खोलीबद्दल राजधानीचं उत्तर अजून आलेलं नाही. केबल तशाच लोंबतायत. शाफ्टची भोकं बुजली, बॅटऱ्या हलल्या, दारं सुटली, पान अग्निशमन दलाकडे पोचलं. पुढची एकत्र तपासणी जुलैत.

बेंगळुरूत आणखी देशांची कार्यालयं येणार आहेत. त्यांच्यासाठी जागा शोधणाऱ्यांना, ती भाड्यानं देणाऱ्यांना आणि त्या इमारतीतल्या शेजाऱ्यांना माझं एकच मागणं आहे: भाडं ठरवण्याआधी शाफ्टचं दार उघडून आत प्रकाश टाका, मागच्या जिन्यानं एकदा स्वतः तळमजल्यापर्यंत उतरा, आणि जवळच्या फायर स्टेशनच्या अधिकाऱ्याला चहाला बोलवा. आणि व्हिसासाठी अशा कार्यालयात जाणाऱ्या आपल्या आईवडिलांना घरीच सांगून ठेवा की भोंगा वाजला तर पासपोर्ट मागत थांबू नका, बाहेर निघा. पासपोर्ट पुन्हा मिळतो.